तापी नावाची फुई

आमच्या यावलच्या गल्लीत एके काळी देशातल्या निम्म्याअधिक नद्या नांदत होत्या. कोपऱ्यावर गंगूबाई, तिच्यासमोर गोदाकाकू, मधल्या वाड्यात जमनाआजी आणि तिची जाऊ नर्मदा, पलीकडे शिवणयंत्रावर पोट भरणारी चंद्रभागामावशी. सकाळी नळाला पाणी आलं की या पुण्यसलिला हंड्याला हंडा भिडवून अशा काही भांडायच्या की शेंबडी पोरंसुद्धा नव्या शिव्या शिकून घरी यायची. पण या झाल्या परगावच्या नद्या. आमच्या हक्काची नदी एकच, आणि त्या नावाच्या तिघी गल्लीत होत्या. एक मळ्यातली तापी, एक ओट्यावरची तापी आणि तिसरी आमची. आमची म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तापीफुई.

गंगा नावाची बाई कोल्हापुरात भेटेल, नागपुरात भेटेल, तिच्या नावावरून गावाचा पत्ता लागत नाही. तापी नावाची म्हातारी कुठेही भेटली, मग ती ठाण्याच्या लोकलमध्ये का असेना, की मी विचारतो, ‘‘आजी, तुमचं माहेर जळगावकडचं का?’’ बहुतेक वेळा होकार येतो. कधी उत्तर ‘धुळ्याचं’, ‘शिरपूरचं’ असतं, आणि क्वचित सुरतेकडची तापीबेन निघते. ही नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते. मुलताई म्हणजे मूळची मूलतापी. तिथून बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरून ती पश्चिमेला सुरतेपर्यंत जाते. सारा प्रवास ७२४ किलोमीटरचा. उत्तर काठाला रावेर, यावल, चोपडा. दक्षिणेला भुसावळ, जळगाव, अमळनेर. या पट्ट्याबाहेर मुलीला हे नाव ठेवावं असं सहसा कोणाच्या मनात आलं नाही. गोदावरी सगळ्या महाराष्ट्राची झाली, तापी घरचीच राहिली.

हे नाव एवढं का ठेवायचे, याचं उत्तर माझ्या आजोबांनी एकदा बैल धुता धुता दिलं होतं. जुनी समजूत अशी की गंगेत स्नान करावं लागतं, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीचं मात्र नुसतं स्मरण केलं तरी तेवढंच पुण्य पदरात पडतं. आता यावल काही थेट नदीकाठी नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला काही कोसांवर तापी, आणि मध्ये केळीचे मळे. शेतकऱ्याला रोज नदीवर जायला कुठली सवड? तर पहिली मुलगी झाली, तिचं नाव तापी ठेवलं. दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, पन्नास वेळा स्मरण. अजामिळाने मुलाचं नाव नारायण ठेवून साधलं, ते आमच्या आजोबांनी मुलीच्या नावाने साधलं. यावर फुईचं म्हणणं ठरलेलं होतं : ‘‘बापानं मह्या नावानं फुकटात पुण्य लाटलं. भाकरी मीच थापल्या.’’

आजोबांचा हिशेब त्या काळाला धरूनच होता. मुलीचं नाव तेव्हा कानाला गोड लागावं म्हणून ठेवत नसत, ते घराच्या कामी यावं म्हणून ठेवत. तापीच्या पलीकडे आसोद्याला महाजनांच्या घरी १८८० साली जन्मलेल्या मुलीचं नाव ठेवलं बहिणा. तिच्या बहिणी अहिल्या, सीता आणि तुळसा, आईचं नाव भिमाई, आणि पुढे त्या बहिणाबाईंच्या पोटी आलेली मुलगी काशी. एका घरातली ही नावं नुसती वाचली तरी पुराण, अंगण, नदी आणि तीर्थ असं सगळं गोळा होतं. आज त्या बहिणाबाईंचं नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि तरीही आपल्या नातीचं नाव बहिणा ठेवणारा एकही प्राध्यापक मला माहीत नाही.

तापी हे तसं राजघराण्यातलं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही यावलमध्येच. आमच्या गावात महर्षी व्यासांचं मंदिर आहे. गुरुपौर्णिमेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एका कीर्तनकारबुवांनी महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट लावली होती. पांडव द्रौपदीच्या स्वयंवराला निघाले असताना वाटेत एक गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणतो. अर्जुन चकित होतो : आम्ही कुंतीचे, मग तापत्य कसे? तेव्हा गंधर्व सांगतो ती तपतीची गोष्ट. तपती ही सूर्याची मुलगी. संवरण राजा शिकारीला गेलेला, घोडा मरून पडलेला, डोंगरात एकटा भटकत असताना त्याला ती दिसते आणि त्याची शुद्ध हरपते. मग तो सूर्याची आराधना करतो, वसिष्ठ मध्यस्थी करतात आणि लग्न लागतं. पुढचा भाग बुवांनी असा रंगवला की बायाबापड्या खुदुखुदु हसत होत्या. राजा बायकोत इतका रमला की बारा वर्षं डोंगरावरून खाली उतरलाच नाही. इकडे राज्यात बारा वर्षं पावसाचा टिपूस नाही. शेवटी वसिष्ठांनी दोघांना परत आणलं तेव्हा कुठे पाऊस पडला. त्यांचा मुलगा कुरू, त्याच्यावरून कौरव, आणि म्हणून पांडवही तापत्य. पुराणांनी मग याच सूर्यकन्येची नदी केली. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस, आणि आठवड्याभराने व्यासपौर्णिमा. ज्याने ही गोष्ट सांगितली त्याचं मंदिर आमच्या गावात, आणि जिची गोष्ट ती आमच्या शिवाराच्या टोकाला. बुवा हे सांगत होते तेव्हा फुईने मला कोपरखळी मारली. ‘‘ऐकलं? पांडवांची आजी हाये मी. नीट बोलत जाय.’’

तपती ही सूर्याच्या दुसऱ्या बायकोची, छायेची मुलगी. म्हणजे शनी तिचा सख्खा भाऊ, तर यम आणि यमुना सावत्र भावंडं. भाऊबिजेच्या दिवशी या नात्याला आमच्या घरात मोठं महत्त्व यायचं. यमद्वितीयेला यम यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून सारा देश भावाला ओवाळतो. फुईची तक्रार अशी की जमनाच्या वाट्याला निदान यम तरी आला, आपल्या वाट्याला शनी. माझे वडील बाजारातून उशिरा आले की ती निरांजनाचं ताट घेऊन दारात उभी राहायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘‘आला मव्हा शनी. साडेसात वर्षांनी आला.’’ जमनाआजी समोरच्या ओट्यावरून डोळ्याला पदर लावून हसायची. ओवाळणीत पाच रुपये पडले की शनीचा कोप उतरायचा.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असा दंडक आहे. महाराष्ट्राने तो कधी मनावर घेतला नाही. घेतला असता तर गोदा, कृष्णा, तुळसा, रोहिणी अशा कितीतरी बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. मात्र पांढरपेशा घरांत नाव नदीचं असलं तर लग्नात ते बहुधा पुसलं जायचं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. अण्णासाहेब कर्व्यांशी लग्न केलेल्या गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. इतिहासाच्या पुस्तकात या बाया मोठ्या झाल्या त्या सासरच्या नावाने, आणि त्यांच्या माहेरच्या नद्या तळटीपांत गेल्या.

फुईचंही नाव बदलायचं घाटत होतं. कारण विचित्र होतं : सासूचं नावही तापीच. सासर अगदी नदीच्या काठावरचं गाव, तिथे घरटी एक तापी असली तर नवल काय? एकाच घरात दोन तापी नकोत म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने ‘सरस्वती’ असं नाव लिहिलं. पण अडचण अशी की फुईच्या उजव्या हातावर मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवं नाव आधीच होतं. अट्रावलच्या मुंजोबाच्या यात्रेत लहानपणी गोंदून घेतलेलं. गोंदणारा फारसा शिकलेला नसावा. दुसरी वेलांटी पहिली झालेली, त्यामुळे ते ‘तापि’ असं दिसायचं. पिचं पोट जरा फुगलेलं, आणि कान्याला लागून एक जास्तीचा ठिपका, तो सुई दचकल्याने पडलेला. म्हातारपणी कातडी सैल पडली तशी अक्षरंही पसरली, तरी ती वाचता यायची. तांदळांवरची सरस्वती तांदळांबरोबर डब्यात गेली आणि फुई सासरी ‘धाकली’ झाली.

खरी पंचाईत पुढेच होती. सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही रीत. म्हणजे फुईला स्वतःचं नाव घेता येईना, आणि नदीचंही येईना. दारात नदी, हातावर नदी, आणि तोंडाने उच्चारायची सोय नाही. नदीवर धुणं धुवायला जाताना ती ‘खालती जाते’ म्हणायची. पूर आला की ‘ती आली’. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत टरबुजं लावायचे, त्या वेलांना पाणी घालायला ‘तिच्यातून’ कळशी भरायची. एकदा शिरगणतीचे मास्तर दारात आले आणि त्यांनी घरातल्या बायांची नावं विचारली. सासू ओसरीवर बसलेली. फुई गप्प. मास्तर पुन्हा विचारतात, फुई पुन्हा गप्प. शेवटी तिने बाही सारून हात पुढे केला. मास्तरांनी चष्मा नाकावर ओढला, गोंदण वाचलं, वहीत लिहिलं, आणि वेलांटी सुधारली. ‘‘मह्या नावातली चूक सरकारनं काढली,’’ असं ती सांगायची तेव्हा तिच्या आवाजात खरोखरीचा अभिमान असायचा.

म्हणून आखाजीला ती माहेरी आली की आधी काय करायची, तर नावाची भूक भागवून घ्यायची. अक्षय्य तृतीयेचं आमच्याकडे भारी कौतुक. लेकीबाळी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात. झोक्यावर बसलेल्या तिघी तापी एकमेकींना नावाने हाका मारायच्या. ‘‘ए तापे!’’ ‘‘काय वं तापे?’’ ‘‘झोका दे ना तापे!’’ नुसत्या नावाचाच खेळ. आम्ही पोरं समजायचो या बाया खुळावल्या आहेत. वर्षभर मुक्या राहिलेल्या नावाला या चार दिवसांत जेवढं ओरडून घेता येईल तेवढं त्या ओरडून घ्यायच्या, हे कळायला मला स्वतःच्या घरात सून यावी लागली.

तिला सासरी पोचवायला मी भुसावळमार्गे एसटीने जायचो. तापीच्या पुलावर गाडी आली की फुई खिडकीशी सरकायची, कनवटीचं पाच पैशांचं नाणं काढायची आणि कठड्यावरून नेमकं पाण्यात पडेल असं भिरकावायची. नेम कधी चुकला नाही. वैशाखात पाणी एवढंसं, तरी चुकला नाही. मग हात जोडून म्हणायची, ‘‘येते वं तापी.’’ बसमध्ये सासरचं कोणी नसेल तरच.

इतकं प्रेम होतं, तर या फुईने पुढच्या पिढीत एकीला तरी तापी नाव द्यावं की नाही? बारशाला पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं आणि पाठीत धपके खायचे. आमच्या घरातली झाडून सगळी नावं तिने ठेवली. माझ्या बहिणी उषा आणि आशा, चुलत बहिणी शोभा, लता, मंगला. त्यानंतरची खेप सुनीता, संगीता, वंदना. ही नावं तिने कुठून आणली, तर रेडिओवरून, शाळामास्तरांच्या बायकोकडून आणि भुसावळच्या थेटरातल्या पोस्टरवरून. तापी एकही नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘पोरीले शाळेत घालायचं हाये ना? तिथं पोरं तापी म्हनतीन का डोक्याले ताप म्हनतीन?’’ तिचं खरं होतं. घरात आणि नदीवर या नावाला मान होता; शाळेच्या हजेरीत गेल्यावर त्याला नुसता ताप चिकटला. नाव मागे पडलं ते कोणा बाहेरच्याने लादल्यामुळे पडलं असं म्हणायला मन धजत नाही. ज्या बाया ते हातावर घेऊन हिंडल्या, त्यांनीच आपल्या लेकींना त्यातून मोकळं केलं.

माझा एक राग मात्र गेलेला नाही, तो मुक्ता या नावाबद्दल. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई शके १२१९ मध्ये आमच्या तापीच्याच काठी विजेच्या लोळात गुप्त झाली असं सांप्रदायिक मानतात. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. हे नाव पुण्यामुंबईत आजही झोकात चालतं, नाटकसिनेमात चालतं. तिने ज्या नदीच्या काठी देह ठेवला तिचं नाव मात्र गावंढळ ठरलं! समुद्राने तेवढा भेदभाव केला नाही. अरबी समुद्रातल्या तेल आणि वायूच्या क्षेत्रांची नावं पन्ना, मुक्ता आणि ताप्ती अशी एका ओळीत घेतात. पेपरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते कात्रण फुईला वाचून दाखवलं. पुढे तुर्कमेनिस्तानातून भारतापर्यंत आणायच्या वायुवाहिनीचं लघुरूप तापी असं होतं हेही सांगितलं. शेजारी गुजरातने २००७ साली एका अख्ख्या जिल्ह्याला तापी नाव दिलं. फुईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे आता पाइपाचं नाव तापी ठेवत्यात, जिल्ह्याचं ठेवत्यात. पोरीचंच नाही?’’

इंग्रजांनी ‘ताप्ती’ केलं, सुरत-अमळनेर लोहमार्गाला त्यांनी ताप्ती व्हॅली रेल्वे म्हटलं, आणि तेव्हापासून शिकलेल्या लोकांत ताप्तीच रुजलं. आजची ताप्ती-गंगा एक्स्प्रेस त्याच वळणाची. खानदेशातल्या बाईला मात्र ताप्ती नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. बायांच्या तोंडी तापी, तापाबाई, लाडाने तापू. पावसाळ्यात जळगावच्या पेपरात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हाही ‘तापीला पूर’ असाच मथळा असतो.

गंमत अशी की नद्यांची नावं आता पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत. शरयू आहे, कावेरी आहे, इंद्रायणी आहे. माझ्या मुलीला पुण्यात मुलगी झाली, तिचं बारसं यावलच्या घरी करायचं ठरलं. फुई तेव्हा ऐंशीच्या पुढे. गावातल्या त्या तिघींपैकी ती एकटीच उरली होती. तिला उचलूनच आणली म्हणा ना, आणि पाळण्याशेजारी खुर्चीवर बसवली. बाळाच्या आत्याने, म्हणजे जावयाच्या बहिणीने, कुर्र करून नाव सांगितलं : रेवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घुगऱ्या वाटल्या. फुईने शेजारच्या बाईला विचारलं, रेवा म्हणजे कोण? ती म्हणाली, नर्मदा.

फुईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी. मध्ये एक डोंगर. ‘‘नदीच ठेवायची व्हती,’’ ती म्हणाली, ‘‘तं डोंगरापल्याडची कायले आनली? आपली काय आटली व्हती?’’

जावयाने सौम्यपणे समजावलं. नाव लहान हवं होतं, दोन अक्षरी. उद्या परदेशात गेली तर तिथल्या लोकांना उच्चारता यायला हवं.

‘‘तापी किती अक्षरी हाये?’’ फुईने विचारलं.

जावई इंजिनिअर, पण त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग माझ्या बायकोने तोड काढली. बाळाच्या कानात एकाहून जास्त नावं सांगायची पद्धत आपल्याकडे आहेच. एक नाव कुलदेवीचं, एक पत्रिकेतल्या नक्षत्राचं. तर फुईनेही तिचं सांगावं. दोघांनी फुईला धरून पाळण्यापर्यंत नेलं. तिने गोंदणाचा हात पाळण्याच्या कडेला टेकवला आणि खाली वाकून नाव सांगितलं. फुईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते ओसरीपर्यंत ऐकू गेलं. इतका वेळ गप्प असलेली पोरगी दचकली, ओठ काढले आणि टाहो फोडला. अशी रडली की थांबेचना.

फुई खुर्चीत परत टेकली. ‘‘पाह्य बरं,’’ ती जावयाला म्हणाली, ‘‘आला पूर.’’